मी ओळखपत्र मागितलं होतं

त्या मंगळवारी दुपारी दीड वाजता मी घरी पोहोचलो तेव्हा आई दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसली होती, टीपॉयवर तिचा मोबाइल अजून चार्जरला लावलेलाच होता आणि तिच्या हातात तिच्याच अक्षरातला एक कागद होता. एका ‘अधिकाऱ्या’चे नाव, हुद्दा, बिल्ला क्रमांक, केस क्रमांक असे सगळे त्यावर ओळीने उतरवलेले होते, आणि चौतीस वर्षे शाळेच्या हजेरीपटावर नावे लिहिलेला तो हात त्या वेळीही डगमगलेला दिसत नव्हता. जवळजवळ बावीस तास ती त्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर होती. आदल्या दिवशी तिने स्वतः रिक्षाने बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली होती आणि सात लाख रुपये कुठल्याशा खात्यात पाठवून दिले होते. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “अरे, मी त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं होतं.”

हे वाक्य तिने त्या दुपारी तीनदा उच्चारले, आणि तिन्ही वेळा मला खाली पाहावे लागले, कारण तो धडा तिला मीच दिलेला होता. ठाण्यातल्या चरईतल्या दोन खोल्या सोडून आम्ही घोडबंदर रोडवरच्या सव्विसाव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा आम्ही दोघे नोकरीवर जाणार आणि आई दिवसभर एकटी राहणार, या काळजीने मी तिला बजावले होते की गॅसवाला असो, इंटरनेटवाला असो, नाहीतर महापालिकेचा माणूस असो, आधी ओळखपत्र दाखवायला सांगायचे आणि मगच दार उघडायचे. चरईत हे सांगण्याची वेळ आली नव्हती. तिथे सकाळी उघडलेले दार रात्री जेवणे झाल्यावरच लागायचे आणि जिन्यावर पाऊल वाजले की कोण आले हे गॅलरीतल्या चार घरांना कळायचे. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही, कारण त्या ओळखीची दुसरी बाजूही मी पाहिलेली आहे. जो ‘आपल्यातला’ वाटत नसे त्याला तिथे खोली मिळत नसे आणि कुणीतरी शब्द टाकल्याखेरीज नव्या माणसाला कुणी उभे करत नसे. कागदपत्रांनी माणसाला अशा मेहेरबानीतून सोडवले, हे मी मनापासून मानतो. मात्र ओळखीच्या जागी ओळखपत्र आणताना आपण काय गमावतो आहोत, याचा हिशेब माझ्यासारख्या, ज्यांचे पोटच सुरक्षेच्या कामावर आहे अशा लोकांनीसुद्धा मांडला नव्हता.

सोमवारी दुपारी एकच्या सुमारास आलेला पहिला फोन ‘दूरसंचार खात्यातून’ होता. तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या एका सिमचा गुन्ह्यात वापर झाला आहे, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, असे सांगून त्यांनी तो ‘पोलिसां’कडे जोडून दिला आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. पडद्यावर गणवेशातला माणूस होता, त्याच्या मागच्या भिंतीवर राजमुद्रा होती, टेबलावर छोटा तिरंगा होता आणि मागून वायरलेसची खरखर येत होती. आईने त्याला ओळखपत्र मागितले. त्याने ते कॅमेऱ्यासमोर धरले, तिला लिहून घेता यावे म्हणून नाव आणि क्रमांक सावकाश सांगितला आणि वर म्हणाला, “आजी, तुम्ही विचारलंत हे अगदी योग्य केलंत.” त्या एका वाक्याने आईचा उरलासुरला संशय फिटला. नंतर अटकेचे वॉरंट आले, ठेवी ‘तपासणीसाठी’ सरकारी खात्यात भरण्याचा आदेश आला, आणि घरातल्या कुणाशीही बोललात तर मुलालाही आरोपी करू, अशी धमकी आली. त्या रात्री ती आमच्यासोबत जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि डोके दुखते म्हणून खोलीत गेली. मी तिला डोक्याला लावायचे मलम नेऊन दिले. उशाशी ठेवलेला फोन चालू होता आणि पलीकडे कुणीतरी माझे बोलणे ऐकत होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. अशी कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी रेडिओवरून सांगितले होते आणि आईने ते ऐकलेही असेल. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांतच या प्रकारात लोकांचे सुमारे १२० कोटी रुपये गेले होते. फोन लावला की आधी वाजणारी सायबर फसवणुकीची सूचनाही तिने महिनोन्‌महिने ऐकली होती. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, हे तिला तोंडपाठ होते, आणि तिने ते तंतोतंत पाळले. तिने कुणाला ओटीपी दिला नाही, पासवर्ड सांगितला नाही, कुठल्याही लिंकला हात लावला नाही. आपल्या सूचना कालच्या चोरीपुरत्या असतात आणि चोर त्या सूचना आपल्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतो. आजच्या चोराला ओटीपी नको असतो. स्वतःच्या सहीने पैसे देणारा माणूसच तो तयार करतो.

ज्या कागदाने तिची खात्री पटली तसे कागद आज कुणाचेही बनतात, अगदी सर्वोच्च न्यायालयाचेसुद्धा. हरियाणात अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडले गेले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि १ डिसेंबरला या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाच्या शिक्क्याची ही गत असेल, तर पडद्यावर चार सेकंद धरलेल्या प्लास्टिकच्या कार्डाची खरी किंमत किती, हे एका निवृत्त शिक्षिकेने कसे ठरवायचे?

मी ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. आत जाताना दोन दारांमधल्या काचेच्या कोठडीत एकट्यानेच उभे राहावे लागते. मागचे दार लागल्याशिवाय पुढचे उघडत नाही, म्हणजे एकाच्या कार्डावर दोघे शिरू शकत नाहीत. मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. आतली यंत्रे एकमेकांशी बोलण्याआधी दोन्ही बाजूंनी ओळख पटवतात, म्हणजे हा खरा आहे का हे तो पाहतो आणि तो खरा आहे का हे हाही पाहतो. आपण बँकेचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला ब्राउझरही आपल्या नकळत त्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासतो. यंत्रांसाठी ही उलटतपासणी कित्येक वर्षांपूर्वी सिद्ध झाली, पण माणसाच्या हाती असे काहीच दिलेले नाही. बँक आपल्याला जन्मतारीख विचारते, आईचे माहेरचे नाव विचारते, बोटाचा ठसा मागते. पलीकडून बोलणारी खरोखर बँकच आहे, हे तिच्याकडून वदवून घेण्याचा उपाय आपल्याकडे नसतो. आयुष्यभर एकतर्फी ओळख देत राहिलेला माणूस अधिकाराने प्रश्न विचारणाऱ्या कुणालाही उत्तर देऊ लागतो, आणि आपल्या सगळ्या रांगांनी, खिडक्यांनी आणि अर्जांनी त्याला तीच सवय लावलेली असते.

ही उणीव आता वरच्यांच्याही लक्षात आली आहे. व्यवहारासंबंधीचे फोन बँकांनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, आणि बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. दोन्ही पावले मला योग्य वाटतात, कारण त्यांत पहिल्यांदाच बँकेने आपली ओळख ग्राहकाला पटवायची आहे. मात्र आईला हे कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

ती सोमवारी बँकेत गेली तेव्हा काय घडले, हे मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पॅन कार्ड पाहिले, सही ताडून पाहिली, मोबाइल क्रमांक खात्याशी जुळवला, अर्जावर शिक्के मारले. सगळे जुळले. ७६ वर्षांची बाई मुदतीआधी ठेव मोडते आहे, कानाचा फोन खाली ठेवत नाही आणि पैसे ज्याच्या खात्यात पाठवायचे त्याचे नाव तिला चिठ्ठीत पाहून लिहावे लागते आहे, हे मात्र कुठल्याही रकान्यात बसणारे नव्हते. कुणी विचारलेच तर ‘भाचीच्या फ्लॅटसाठी’ असे सांगायचे तिला पढवून ठेवले होते. ते उत्तर तिला द्यावेच लागले नाही. त्या शाखेचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा मला त्या दिवसापासून वेगळा दिसू लागला आहे. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून त्या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढला गेला. कार्ड घातले की यंत्र बँकेच्या ‘स्विच’ला, म्हणजे व्यवहाराला होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेला, विचारते, ‘हे खाते खरे आहे का, पैसे देऊ का?’ चोरांनी खऱ्या स्विचला बगल देऊन एक खोटा स्विच मधे उभा केला होता आणि तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होता. यंत्राने आपले काम चोख केले, विचारल्याखेरीज एकदाही पैसे दिले नाहीत, परंतु उत्तर कोण देत आहे हे पाहण्याचे काम त्याला दिलेलेच नव्हते. आईच्या सातही लाखांना त्या काउंटरवर असाच ‘हो’ मिळाला. फरक इतकाच, की तिथे खुर्चीत माणूस बसलेला होता आणि त्याला मान वर करून पाहता आले असते.

आता मंगळवारकडे येतो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी चार वर्षे रोज सकाळी अकराला येतात. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या प्रत्येकीला ॲपमध्ये सहा आकडी कोड मिळतो. तो गेटवर टाकायचा, मग घरातल्या मोबाइलवर निरोप जातो आणि फाटक उघडते. दर महिन्याला कोडचे नूतनीकरण करावे लागते, आणि मावशींच्या कोडची मुदत नेमकी सोमवारी संपली होती. मुदत संपली की ॲप घरच्यांची परवानगी मागते. पहिला फोन आईचा, आणि तो चोरांच्या ताब्यात. दुसरा फोन माझा, आणि तो काचेच्या कोठडीबाहेरच्या कप्प्यात. पडद्यावर ‘प्रतीक्षा करा’ एवढेच दिसत होते आणि मावशी पंचवीस मिनिटे बाहेर उन्हात उभ्या होत्या. गेटवरचे सुरक्षारक्षक त्यांना चार वर्षे रोज पाहत आले होते, मावशींच्या नातवाच्या बारशाचे पेढेही त्यांनी खाल्ले होते. ते बारा तासांच्या पाळीवर असतात, आणि परवानगीशिवाय कुणाला सोडले तर पगार कापू, असे त्यांच्या एजन्सीने लिहून दिलेले आहे.

शेवटी मावशी त्यांना म्हणाल्या, “दादा, आजी फोन कधी कट करत नाहीत. आज चार वेळा कट केलाय. काहीतरी झालंय.” त्यावर त्यांनी जुने रजिस्टर काढले, मावशींचे नाव हाताने लिहिले आणि त्यांना वर पाठवले.

वर आमचे आतले दार बंद होते. अकरा वाजता आई लाकडी दार उघडे ठेवून फक्त जाळीचे दार लावते, हे मावशींना ठाऊक होते, कारण त्या आल्या की चहाचे आधण त्या दारातूनच दिसते. त्यांनी बेल वाजवली, हाका मारल्या, दाराला कान लावला. आतून एका पुरुषाचा हिंदी आवाज आला. त्यांनी शेजारच्या काकूंकडून माझ्या पत्नीला फोन लावला, ती पाचपाखाडीतून रिक्षाने निघाली आणि आपल्या किल्लीने दार उघडून आत शिरली तेव्हा आई दुसऱ्या ठेवीची पावती कॅमेऱ्याला दाखवत होती. पत्नीने फोन बंद केला, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि पहिल्या सात लाखांपैकी २ लाख ४० हजार मधल्या एका खात्यात गोठवता आले. बाकीचे रात्रीतच पाच-सहा खात्यांत फुटून गेले होते. ती खाती खऱ्या माणसांची, खऱ्या आधार-पॅनवर उघडलेली, काही हजारांसाठी भाड्याने दिलेली असतात. तिथेही कागद सगळे बरोबर.

मी बाहेर आलो, कप्पा उघडला आणि फोनवर १७ मिस्ड कॉल पाहिले तेव्हा साडेबारा वाजले होते. परतताना ठाण्याच्या गाडीत दारापाशी उभे राहून मला जून २०१७ आठवला. त्या वेळी मी न्हावा शेवा बंदराशी काम असलेल्या एका कंपनीत होतो. २७ जूनला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम जगभर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि हजारो मैलांवरच्या आपल्या जेएनपीटीतले, म्हणजे न्हावा शेव्यातले, त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कुठला कंटेनर कुणाचा, हे संगणकाखेरीज सांगता येत नव्हते. ते अपडेट खिडकी फोडून आलेले नव्हते. नेहमीच्या दाराने, नेहमीच्या पत्त्यावरून आले होते. मर्स्कने २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान सांगितले, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ते जमले, कारण घानामधल्या त्यांच्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती आणि तिथला एक सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला असल्याने कंपनीच्या जाळ्यात कुणाला कुठे प्रवेश आहे, या नोंदींची एक निरोगी प्रत त्यात शिल्लक राहिली होती.

त्या सर्व्हरची गोष्ट आमच्या क्षेत्रात नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला त्या दिवशी त्यात मावशी दिसल्या. आईच्या फोनमध्ये, बँकेच्या नोंदींत आणि सोसायटीच्या ॲपमध्ये आईविषयी जे जे होते ते सगळे चोरांच्या उपयोगी पडले किंवा मूग गिळून बसले. अकरा वाजता लाकडी दार उघडे असते, ही माहिती मात्र कुठल्याही जाळ्यात नव्हती. ती एका बाईच्या रोजच्या येण्याजाण्यात साठलेली होती, म्हणून तिला कुणी हात लावू शकले नाही. आणि आपली सुरक्षाव्यवस्था जिच्यावर सर्वाधिक संशय घेते ती हीच बाई. तिचा फोटो काढतो, तिचे आधार कार्ड जमा करून घेतो, बाहेर पडताना तिची पिशवी उघडून पाहतो. तिची कागदपत्रे सोसायटीच्या कुठल्या कपाटात, कुणाच्या मोबाइलमध्ये पडून आहेत, हे विचारण्याची सोय तिला नाही. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण आमच्या गेटवरच्या उघड्या रजिस्टरपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

आईला दमदाटी करणाऱ्या त्या आवाजाविषयीही मी पुष्कळ विचार केला. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या दोन विमानांनी म्यानमारच्या सीमेवरून ५४९ भारतीयांना परत आणले. नोकरीच्या आशेने गेलेली ही माणसे तिथल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपली गेली होती. अशा अड्ड्यांवर गेल्या गेल्या पासपोर्ट काढून घेतात. आमच्या घरातला तो आवाज तिकडचाच होता की नाही, हे मला कधी कळणार नाही. पण एका बंद दाराआड आईला कोंडणारा माणूस स्वतःही कुठल्या बंद दाराआड असू शकतो, ही शक्यता मनात आली की माझा राग ठरत नाही, तो भरकटत राहतो.

आईशी आम्ही त्यानंतर दोन-तीन गोष्टी ठरवल्या आहेत. कुणीही, कितीही मोठा अधिकारी बोलत असला तरी फोन ठेवायचा आणि आपल्या वहीत लिहिलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करायचा. वहीतला रस्ता आपला असतो, समोरच्याने दिलेला रस्ता समोरच्याचा असतो. मी कामावर असताना लागलोच नाही, तर डेटा सेंटरच्या स्वागतकक्षाचा क्रमांक तिथे लिहून ठेवला आहे. आणि ‘कुणाला सांगू नका’ असे जो म्हणेल, त्याचे बोलणे त्याच क्षणी शेजारच्या काकूंना जाऊन सांगायचे. आई हे सगळे मान्य करते, पण मधेच तिचा चेहरा उतरतो. “मला कळायला हवं होतं,” ती म्हणते. तिला कळायला हवे होते असे मला वाटत नाही, आणि हे मी तिला दर वेळी, न कंटाळता सांगतो.

त्या सुरक्षारक्षकांचा मात्र एका दिवसाचा पगार कापला गेला. परवानगीवाचून प्रवेश दिला, ही नोंद ॲपने आपोआप एजन्सीकडे पाठवली होती. मी एजन्सीला पत्र लिहिले, सोसायटीच्या कमिटीपुढे उभा राहिलो, आणि घडले ते सगळे सांगितल्यावर कापलेले पैसे त्यांना परत मिळाले. नियम बदलावा, अडचणीच्या वेळी गेटवरच्या माणसाला आपल्या ओळखीवर निर्णय घेता यावा, ही माझी सूचना पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ, असे सचिव म्हणाले. ती सभा झाली. वेळ पार्किंगमध्ये संपला.

आई आता रोज अकराला दहा मिनिटे असताना लिफ्टने खाली उतरते आणि गेटजवळच्या बाकावर बसते. मावशी आल्या की ती उठते आणि सुरक्षारक्षकांना सांगते, “मी ओळखते हिला.” ते हसून मान डोलावतात, तरी मावशींना कोड टाकावाच लागतो. कधी तो पहिल्यांदा लागत नाही. मग तिघेही पडद्याकडे पाहत उभी राहतात, आणि फाटक उघडले की त्या दोघी वर येतात.